अभयाची हद्द

पाठीमागे शत्रू, सावकार किंवा राजाचे शिपाई लागलेल्या माणसाने एखाद्या देवळात, वेदीपाशी किंवा ठरावीक शिवेच्या आत पाऊल ठेवले, की पाठलाग करणाऱ्याने बाहेरच थांबायचे, ही रूढी जगातल्या अनेक समाजांत होती. युरोपात ती नुसती रूढी राहिली नाही. तिला कायद्याचे स्थान मिळाले, तिची नियमावली तयार झाली, नोंदवह्या ठेवल्या गेल्या आणि पुढे कायदा करूनच ती बंद करावी लागली. इंग्रजीतील ‘सँक्च्युअरी’ या शब्दाचा मूळ अर्थ पवित्र स्थान, देवळाचा गाभारा. तिथे मिळणारे संरक्षण हा त्याचा दुसरा अर्थ, आणि पशुपक्ष्यांसाठी राखलेले रान हा अगदी अलीकडचा. ‘असायलम’ हा शब्द ग्रीक आहे. जिथून कोणाला ओढून नेता येत नाही, काही हिसकावून घेता येत नाही, ती जागा असा त्याचा अर्थ. मराठीत आसरा, आश्रय, थारा, शरण आणि अभय असे बरेच शब्द आहेत, पण त्यांतले बहुतेक जागेपेक्षा माणसांतल्या नात्याबद्दल बोलतात. तो फरक पुढे येईलच.

अशा जागांचा इतिहास दयाबुद्धीचा इतिहास म्हणून सांगण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो सौद्याचा इतिहास आहे. आत आलेल्याचा जीव वाचत असे, पण त्याची किंमत घेतली जाई, आणि दिलेले अभय हद्दीच्या एक पाऊलही पलीकडे चालत नसे.

प्राचीन ग्रीसमध्ये देवाच्या वेदीला किंवा मूर्तीला धरून बसलेल्याला हात लावणे हे पाप मानले जाई, आणि ते पाप पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकात कायलॉन नावाच्या सरदाराने अथेन्सची सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. तो फसल्यावर त्याचे साथीदार अथेना देवीच्या आश्रयाला गेले. चौकशीसाठी खाली उतरताना त्यांनी देवीच्या मूर्तीला दोरा बांधून त्याचे टोक हातात धरले होते, म्हणजे वाटेतही ते देवीच्याच स्पर्शात होते, असे प्लुटार्क सांगतो. दोरा वाटेत तुटला. देवीनेच यांना टाकले, असा अर्थ लावून अधिकाऱ्यांनी त्यांना ठार केले. या हत्येचा ठपका मेगाक्लीझ या अधिकाऱ्यावर आणि त्याच्या घराण्यावर बसला.

स्पार्टाने तर आश्रय न मोडता माणूस मारण्याची युक्ती काढली. इराणी सैन्याला हरवणारा सेनापती पौसानियस पुढे फितुरीच्या संशयात सापडला आणि अथेनाच्या देवळाच्या आवारातल्या एका लहान इमारतीत शिरला. स्पार्टाच्या अधिकाऱ्यांनी त्याला ओढून काढले नाही. त्यांनी छप्पर उतरवले, दारे भिंत घालून बंद केली आणि पहारा बसवला. उपासमारीने तो मरायला टेकला तेव्हा देवळाला विटाळ नको म्हणून त्याला बाहेर आणले, आणि बाहेर येताच त्याने प्राण सोडला. नियमाचे अक्षर पाळून त्याचा जीव काढून घेण्याचे इतके चोख उदाहरण क्वचितच सापडेल. या दोन्ही घटना पुढे राजकारणात वापरल्या गेल्या. इ. स. पूर्व ४३२-४३१ मध्ये पेलोपोनेशियन युद्ध पेटण्याआधी, मेगाक्लीझच्या शापित कुळातल्यांना हाकला अशी मागणी स्पार्टाने अथेन्सकडे केली. पेरिक्लीझ आईकडून त्याच कुळाचा होता, हे त्यामागचे खरे कारण. अथेन्सने उलट पौसानियसचे पाप स्पार्टाच्या पदरात घातले.

सामान्य माणसाच्या दृष्टीने अथेन्समधले थेसिऑन अधिक महत्त्वाचे होते. मालकाच्या छळाला कंटाळलेला गुलाम या थेसियसच्या स्थानात आश्रय घेऊ शके. मात्र तिथून तो स्वतंत्र होऊन बाहेर पडत नसे. आपल्याला दुसऱ्या मालकाला विकावे, एवढीच मागणी त्याला करता येई.

हद्द नेमकी कुठवर, हा प्रश्न इफिसस इथल्या आर्टेमिसच्या देवळाने चांगलाच गाजवला. भूगोलकार स्ट्रेबोने त्याची हकिकत दिली आहे. अलेक्झांडरने आश्रयाची हद्द वाढवली. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीसने देवळाच्या छपराच्या कोपऱ्यावरून बाण सोडून तो पडेल तिथवर हद्द धरली. मार्क अँटनीने ती दुप्पट केली, तेव्हा शहराचा काही भागच तिच्यात आला आणि त्या भागावर गुन्हेगारांचे राज्य सुरू झाले. शेवटी ऑगस्टसला ही वाढ रद्द करावी लागली. ज्या मिथ्रिडेटीसने बाण सोडून हद्द वाढवली, त्याच्याच हुकमाने इ. स. पूर्व ८८ मध्ये आशिया मायनरमधल्या रोमन लोकांची कत्तल झाली, आणि इफिससमध्ये आर्टेमिसच्या मूर्तींना बिलगलेल्या रोमनांनाही खेचून मारण्यात आले. इ. स. २२ मध्ये सम्राट टायबेरियसच्या काळात रोमच्या सीनेटने ग्रीक शहरांना आपापल्या देवळांच्या आश्रयहक्काचे पुरावे घेऊन बोलावले. पुराव्यांत कागद कमी आणि पुराणकथा जास्त निघाल्या.

ज्यू धर्मग्रंथांतली व्यवस्था याहून वेगळी आणि जास्त विचारपूर्वक आखलेली दिसते. जॉर्डन नदीच्या दोन्ही तीरांवर तीन-तीन अशी सहा आश्रयनगरे नेमलेली होती: केदेश, शखेम, हेब्रोन, बेसेर, रामोथ आणि गोलान. हातून चुकून माणूस मेला असेल तर मारणाऱ्याने तिथे पळून जावे. मृताच्या नातलगाला सूड घेण्याचा हक्क होता, पण नगरात शिरल्यावर तो थांबे. मग चौकशी होई आणि खून जाणूनबुजून केल्याचे ठरले तर आरोपीला बाहेर काढून देत. चुकून झालेला वध असेल तर त्याने मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याच नगरात राहायचे. मुदतीआधी तो वेशीबाहेर दिसला आणि नातलगाने त्याला मारले, तर ती हत्या दोषाची नव्हती. आश्रय आणि स्थानबद्धता या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत.

रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आश्रयाचा हक्क देवळांकडून चर्चकडे आला. राज्यकर्त्यांना तो पहिल्यापासून खुपत होता, विशेषतः सरकारी देणे बुडवणारे चर्चमध्ये जाऊन बसत म्हणून. पूर्वेकडचा सर्वाधिकारी मंत्री यूट्रोपियस याने ३९८ मध्ये हा हक्क आवळणारा कायदा करवून घेतला. पुढच्याच वर्षी तो सम्राटाच्या मर्जीतून उतरला आणि जीव वाचवायला कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चमध्ये वेदीपाशी धावला. त्याला आत घेणारा धर्मगुरू जॉन क्रिसोस्टम याने दुसऱ्या दिवशी वेदीला बिलगलेल्या मंत्र्याकडे बोट दाखवून वैभवाच्या क्षणभंगुरतेवर प्रवचन दिले. ते प्रवचन आजही वाचले जाते. यूट्रोपियस मात्र त्याच वर्षी मारला गेला. ४३१ मध्ये सम्राट दुसरा थिओडोसियस याने आश्रयाची हद्द वेदीपासून चर्चच्या बाहेरच्या दरवाजांपर्यंत वाढवली, त्यात बाग, ओवऱ्या आणि खोल्याही आल्या. लोकांनी वेदीपाशीच जेवू-झोपू नये, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. हत्यार घेऊन आत येण्यास मनाई झाली.

या हक्काची सर्वांत तपशीलवार माहिती इंग्लंडमध्ये मिळते. वेसेक्सचा राजा इनी याच्या सातव्या शतकाअखेरच्या कायद्यात म्हटले होते, की मृत्युदंडाला पात्र माणूस चर्चमध्ये पोचला तर त्याचा जीव वाचावा आणि त्याने भरपाई द्यावी. पोलीस, तुरुंग आणि नियमित न्यायालये नसलेल्या समाजात खुनाचा बदला खुनानेच घेतला जाई. चर्चमधला मुक्काम दोन्ही घराण्यांना रक्त थंड होण्यापुरता वेळ देई आणि तोवर मध्यस्थ दंडाची रक्कम ठरवत.

बाराव्या शतकानंतर राजसत्ता बळकट झाली तेव्हा ही व्यवस्था तिने मोडली नाही, आपल्या कारभारात घेतली. कोणत्याही गावच्या चर्चमध्ये गुन्हेगाराला चाळीस दिवस राहता येई. तेवढ्या दिवसांत राजाचा कॉरोनर नावाचा अधिकारी येई. त्याच्यासमोर गुन्हा कबूल करून देश कायमचा सोडण्याची शपथ घ्यायची, नाहीतर खटल्याला उभे राहायचे, असे दोनच मार्ग होते. शपथ घेणाऱ्याची मालमत्ता जप्त होई. कॉरोनर त्याला बंदर नेमून देई. उघड्या डोक्याने, हातात लाकडी क्रूस घेऊन, राजरस्ता न सोडता त्याने तिथवर चालत जायचे. जहाज मिळाले नाही तर जाण्याची तयारी आहे हे दाखवायला रोज गुडघाभर समुद्रात उतरायचे. वाटेत रस्ता सोडला तर त्याला कोणीही मारू शके. अनेकांनी तरीही रस्ता सोडला आणि ते दुसऱ्या परगण्यात नाव बदलून राहिले असावेत, कारण बंदरापर्यंत सोबत देण्याची व्यवस्था ढिली असे.

या सगळ्याचा बोजा गावावर पडे. गुन्हेगार चर्चमध्ये असेपर्यंत गावकऱ्यांनी रात्रंदिवस पहारा द्यायचा आणि तो निसटला तर गावाने दंड भरायचा. त्यामुळे आत बसलेल्याबद्दल गावात सहानुभूती असेलच असे नव्हते.

काही मोठ्या चर्चना याहून अधिक हक्क होते. डरहॅमच्या कॅथीड्रलच्या उत्तर दारावर सिंहासारख्या चेहऱ्याची पितळी कडी होती. रात्री-अपरात्री कोणी ती ठोठावली तर दार उघडायला दाराच्या वरच्या खोलीत माणसे झोपत. आत आलेल्यासाठी घंटा वाजवत, म्हणजे गावाला कळे की कोणीतरी आश्रय घेतला आहे. त्याला डाव्या खांद्यावर सेंट कथबर्टचा पिवळा क्रूस असलेला काळा झगा घालायला देत आणि सदतीस दिवस खाणेपिणे पुरवत. इथल्या १४६४ ते १५२४ या काळातल्या नोंदी टिकून आहेत. त्यांत तीनशेहून जास्त आश्रितांचा उल्लेख आहे आणि बहुतेकांवर खुनाचा आरोप आहे. मूळ कडी आता संग्रहात ठेवली आहे, दारावर दिसते ती तिची प्रतिकृती.

बेव्हर्लीत हद्दीची वर्तुळे होती. गावाबाहेर सुमारे मैलभरावर पहिली हद्द लागे. जसजसे आत जावे तसतसा आश्रिताला पकडणाऱ्याचा दंड वाढत जाई. वेदीजवळ दगडाचे एक बुटके आसन होते, ‘फ्रिथ-स्टूल’ म्हणजे शांतीचे आसन. तिथे बसलेल्याला धरणे हा असा गुन्हा होता की तो कोणत्याही रकमेने भरून निघत नसे. ते आसन अजून तिथे आहे. बेव्हर्लीत येणाऱ्याला आयुष्यभर राहता येई, पण त्याला शपथ घ्यावी लागे: हत्यार बाळगणार नाही, भांडण झाले तर मिटवीन, आग लागली तर विझवायला धावेन. लंडनमध्ये सेंट मार्टिन-ल-ग्रँडच्या हद्दीत तर कारागिरांची वस्तीच झाली. शहरातल्या श्रेणींचे, म्हणजे धंद्यांच्या संघांचे नियम तिथे लागू नसल्याने परके कारागीर तिथे दुकान थाटत. तिथले नकली दागिने इतके प्रसिद्ध झाले की खोट्या मालाला त्या जागेच्या नावाने ओळखू लागले.

राजकारणात चर्चचा उंबरठा किती पोकळ ठरू शकतो हे वारंवार दिसले. १२३२ मध्ये पदच्युत मंत्री ह्यूबर्ट डी बर्ग याला प्रार्थनामंदिरातून ओढून नेण्यात आले. लंडनच्या बिशपने बहिष्काराची धमकी दिल्यावर त्याला परत आणून सोडले खरे, पण भोवती खंदक खणून अन्न तोडले. १३७८ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत प्रार्थना चालू असताना रॉबर्ट हॉले या आश्रिताचा खून झाला आणि अ‍ॅबी काही महिने बंद राहिली. चौथ्या एडवर्डची कहाणी सर्वांत बोलकी आहे. १४७० मध्ये त्याला देश सोडून पळावे लागले, तेव्हा त्याची राणी एलिझाबेथ वुडव्हिल वेस्टमिन्स्टरच्या आश्रयात गेली आणि तिथेच तिने वारसाला जन्म दिला. शत्रुपक्षाने तिला हात लावला नाही. सहा महिन्यांनी गादी परत मिळवलेल्या एडवर्डने ट्यूक्सबरीच्या लढाईनंतर तिथल्या अ‍ॅबीत शिरलेल्या सरदारांना बाहेर काढून त्यांची डोकी उडवली. १४८३ मध्ये एडवर्ड मेल्यावर राणी पुन्हा वेस्टमिन्स्टरला आली. या वेळी, आश्रय गुन्हेगाराला लागतो, लहान मुलाने गुन्हा केलेलाच नाही तर त्याला आश्रयाची गरज काय, असा युक्तिवाद तिच्यापुढे झाल्याचे टॉमस मोर लिहितो. धाकट्या मुलाला तिने सोपवले. ते मूल टॉवरमध्ये मोठ्या भावाजवळ नेण्यात आले आणि दोघेही पुन्हा दिसले नाहीत.

ट्यूडर राजांनी हा हक्क टप्प्याटप्प्याने सोलून काढला. १४८६ मध्ये न्यायाधीशांनी राजद्रोह्याला आश्रय नाकारला. १५२९ च्या कायद्याने देश सोडणाऱ्याच्या अंगठ्यावर डाग देण्याची पद्धत आली. पुढे देश सोडणेही बंद झाले, कारण हद्दपार झालेले खलाशी आणि धनुर्धारी परक्या राजांना आयते मिळतात हे ध्यानात आले. १५४० मध्ये खून, बलात्कार, दरोडा, घरफोडी आणि जाळपोळ या गुन्ह्यांसाठी आश्रय रद्द झाला आणि उरलेल्यांसाठी आठ शहरे नेमली गेली. त्यांत मँचेस्टर होते. चोरांमुळे कापडाच्या धंद्याला धोका आहे अशी तक्रार तिथल्या लोकांनी केली आणि थोड्याच काळात तो मान चेस्टरकडे ढकलला गेला. आश्रय द्यावा हे सर्वांना मान्य असते, तो आपल्या गावात नको असतो. १६२४ मध्ये पहिल्या जेम्सच्या काळात गुन्हेगारांसाठीचा आश्रय कायद्याने संपला.

कर्जदारांसाठीच्या काही हद्दी त्यानंतरही टिकल्या. एडिंबरोतील होलीरूड ही त्यांतली सर्वांत दीर्घायुषी. तिथल्या हद्दीत कर्जदाराला अटक होत नसे. हद्दीत जवळचे मोठे राजउद्यान आणि टेकडीही असल्याने फिरायला जागा भरपूर होती. रविवारी वॉरंट बजावता येत नसे, म्हणून हे लोक त्या दिवशी शहरात जेवायला, भेटायला जात आणि मध्यरात्रीच्या आत परतत. फ्रान्सच्या राजाचा भाऊ, जो पुढे दहावा चार्ल्स झाला, तो आणि लेखक डी क्विन्सी हे इथले नामांकित रहिवासी. कर्जापोटी कैद करण्याची पद्धत १८८० मध्ये स्कॉटलंडात बंद झाली आणि होलीरूडचा आश्रय निरुपयोगी ठरला. रस्त्यात हद्द दाखवणारी पितळी ‘एस’ अक्षरे मात्र अजून दिसतात.

विसाव्या शतकात चर्चची जागा वकिलातींनी घेतली. पेरूचा नेता आया दे ला तोरे १९४९ मध्ये लिमातल्या कोलंबियाच्या वकिलातीत शिरला आणि त्याला बाहेर पडायला पाच वर्षे लागली. दोन्ही देशांचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी १९५६ पासून पंधरा वर्षे बुडापेस्टच्या अमेरिकी वकिलातीत राहिले. वकिलातीची जमीन परदेशाची असते हा समज चुकीचा आहे. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देशाचे अधिकारी परवानगीवाचून आत जाऊ शकत नाहीत, इतकेच. १९५१ च्या निर्वासित कराराने संरक्षण जागेऐवजी माणसाला जोडले: जिथे जिवाला धोका आहे तिथे त्याला परत पाठवायचे नाही. भारताने या करारावर सही केलेली नाही. चर्चचा आश्रयही पुरता संपला नव्हता. नेदरलँड्समध्ये उपासना चालू असताना पोलिसांनी आत शिरायचे नसते. त्याचा आधार घेऊन हेगमधल्या एका चर्चने ऑक्टोबर २०१८ पासून ९६ दिवस अखंड उपासना चालवली आणि एका आर्मेनियन कुटुंबाची हद्दपारी टाळली.

भारतीय परंपरेत जागेपेक्षा शब्द देणाऱ्या माणसाला महत्त्व आहे. विभीषण देवळात गेला नाही, रामाकडे आला. शिबी राजाच्या कथेत कबुतर राजाच्या मांडीवर येते. मराठी दफ्तरांतही अभयपत्र आणि कौल हे कागद आढळतात. ते विशिष्ट माणसांना किंवा गावांना दिलेले असतात आणि त्यांची ताकद देणाऱ्याच्या शिक्क्याइतकी असते. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांकडे आला आणि सुधागडाजवळ पालीच्या परिसरात राहिला. दिल्लीची गादी मिळवण्यासाठी तो आला होता. ती मिळाली नाही, आणि काही वर्षांनी तो समुद्रमार्गे इराणला गेला. त्या आश्रयाची किंमत मराठ्यांना मोगली फौजांच्या रूपाने मोजावी लागली. अलीकडचे उदाहरण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे. सोव्हिएत हद्दीतून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, त्यात बहुतांश बायका-मुले, १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत राहिले.

जागेला अभय देण्याची कल्पना इथे मुख्यतः जनावरांच्या बाबतीत आढळते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘अभयवन’ आहे. तिथले पशु, पक्षी आणि मासे पकडणाऱ्याला किंवा मारणाऱ्याला सर्वांत वरच्या पायरीचा दंड सांगितला आहे. आजचे ‘अभयारण्य’ त्याच घडणीचे आहे. महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य १९५८ मध्ये राधानगरी-दाजीपूर परिसरात गव्यांसाठी जाहीर झाले. ते जंगल आधी कोल्हापूर संस्थानच्या शिकारीसाठी राखलेले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यांना देशभर एकच चौकट दिली, आणि त्याच कायद्याने एक असे केले जे इफिसस, बेव्हर्ली किंवा होलीरूडमध्ये कधी झाले नव्हते. गवा अनुसूची १ मध्ये असल्याने त्याचे संरक्षण हद्दीपाशी संपत नाही. अभयारण्यातून बाहेर पडून तो उसात शिरला, तरी त्याला मारणे गुन्हाच राहते. शेतकऱ्याने पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करून भरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करायचा असतो.